भुशाखालचा आवाज

ज्यांना थाप वाटेल त्यांनी खुशाल हसावं. पण हे घडलंय. यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात, गेल्या मार्गशीर्षात, आणि तेही भर दुपारी.

जलाल मिस्त्रीचा उजवा कान हातोड्याच्या दणक्यांनी कधीचाच गेला होता. सगळी मिस्त्रीगिरी डाव्या कानावर. लाकडी दांडा गिअरबॉक्सवर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, की बिघाड सापडलाच म्हणून समजा. हाही कान गेला तर धंदा बसला, ही धास्ती त्याला कायम असे.

नेरच्या किसनरावांनी आजोबांच्या काळातली मोटार आणून उभी केली. नातवाची वरात तिच्यातूनच काढायची होती. गिअरबॉक्स घरघरत होता. आवाज बंद करा, एवढंच ते म्हणाले होते.

जलालने मुद्दाम लाइट नसण्याचा वार निवडला. त्या दिवशी आजूबाजूचे कारखाने चिडीचूप असतात.

खालचा बोल्ट खोलून तेल काढलं, तर त्यात लाकडाचा कुजका भुसा. जलाल गालात हसला. गिअरचा आवाज दाबायची ही जुनी लबाडी. त्याने सगळा भुसा धुऊन काढला, नवं तेल भरलं, इंजिन चालू केलं.

घरघर दुप्पट झाली.

त्याने इंजिन बंद केलं आणि गाडीखाली सरकला. जागा अडचणीची. दांडा चुकून उजव्या कानाला लागला...

ठक... ठक...

जलाल गारठला. त्या कानाला कित्येक वर्षांत अजानसुद्धा ऐकू आली नव्हती.

दांडा डाव्या कानाला लावला. काहीच नाही.

पुन्हा उजव्या...

ठक... ठक... मग नखांची खरवड. कुणीतरी आतून झाकण उघडू पाहत होतं.

गाडीखालून निसटावं, असं त्याला वाटलं. तरी हाताची सवय जाईना. त्याने झाकण खोललं.

आत फक्त गिअर. एकही दात तुटलेला नाही.

त्याने किसनरावांना फोन लावला, भुसा काढल्याचं सांगितलं.

"काहून काढला, जलालभाऊ? आमच्या आज्यानं भरला होता तो. आवाज ऐकवत नव्हता म्हणे त्याले."

"इंजिन बंद हाय, भाऊ. तरी मले ऐकू येऊन राह्यलं."

"झाकण तं नाही ना उघडलं तुमी?"

जलालने हातातल्या झाकणाकडे पाहिलं आणि फोन ठेवून दिला.

त्याने नवा भुसा भरून दिला. वरातीत मोटार गुपचूप चालली म्हणे.

जलालचा डावा कान मात्र तेव्हापासून मंदावत गेला. डॉक्टरांना काही दोष सापडला नाही. काल त्याची बायको शहनाज दार ठोठावून ठोठावून थकली. तो आतच बसला होता. त्याला ऐकूच आलं नाही.

उजव्या कानात मात्र...

ठक... ठक...

आता दांडा लावावा लागत नाही.