कावळ्याची बातमी

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर सिहोऱ्याला जाऊन विचारा. पहिलाच माणूस "मले काई माईत नाई" म्हणेल, तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकेल आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाईल. खोट्या गोष्टीसाठी या भागात कोणी रस्ता ओलांडायचे कष्ट घेत नाही.

गेल्या डिसेंबरातली संध्याकाळ. धान चुरून, म्हणजे मळून झालं होतं. अंगणात तणसाचा, पेंढ्याचा ढीग तेवढा उरला होता. केवळरामच्या घरची माणसं एका मोबाईलभोवती बसून वाट पाहत होती…

कोणीतरी रडण्याची.

उर्वशी ही केवळरामची मुलगी. तुमसरला कॉलेजात पत्रकारिता शिकत होती. शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता, गावासाठी चार पानांचं वर्तमानपत्र तयार करायचं आणि त्याची वेबसाइटही. नाव ठेवलं 'बांधावरून'. पानं उर्वशी लावायची, वेबसाइट तिचा वर्गमित्र भुपेंद्र बघायचा. आणि रीता मॅडम दोघांना रोज सांगायच्या, "बातमी खरी पाहिजे. सुंदर नसली तरी चालेल."

मुलांनी हे बरोबर उलटं ऐकलं होतं.

पान लावताना फोटोची चौकट रिकामी सोडली तर ते भकास दिसतं. म्हणून उर्वशीने तात्पुरता स्वतःचाच फोटो सगळीकडे टाकून ठेवला होता. पहिल्या पानावर उर्वशी पुलाचं उद्घाटन करत होती. दुसऱ्या पानावर तिला आदर्श शेतकरी पुरस्कार मिळाला होता. तिसऱ्यावर ती घरातून निघून गेली होती. आणि चौथ्या पानावर, 'दुःखद निधन' या मथळ्याखाली, हसत होती.

"तो शेवटचा काढून टाक," भुपेंद्र म्हणाला. "अभद्र दिसते."

"खरं मयत भेटलं का बदलवू ना. तुले घाई आहे का?"

वेबसाइटवरही ते पान तसंच चढलं. अजून ती कोणी पाहत नव्हतं, म्हणून कोणाचं बिघडलं नाही.

मग तो रविवार आला.

सकाळी कोवळ्या उन्हात रंभाबाई आजी नातीच्या डोक्याला तेल लावत बसली होती. उर्वशी पुढे, आजी मागे. उर्वशीचं सगळं लक्ष मोबाईलमध्ये.

एकदम टाळूत काहीतरी टोचलं.

"हळू ना आजी. फणी लागली."

डोक्याजवळ पंख फडफडल्याचा आवाज झाला… आणि अंगणातल्या चिमण्या एकदम गप्प झाल्या.

उर्वशीने मागे वळून पाहिलं. आजीचा हात हवेत तसाच थांबला होता. ती समोरच्या कौलांवर बसलेल्या कावळ्याकडे पाहत होती. कावळाही तिच्याकडेच पाहत होता.

"काय झालं वो?"

आजी बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "कावळा बसला. माह्या डोक्यावर."

आता हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. कावळा डोक्यावर बसला की ते मरणाचं बोलावणं, असं जुनी माणसं मानतात. त्यावर उपायही जुनाच आहे. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी लांबच्या नातेवाइकाला कळवायची. त्याने ती खरी समजून रडायचं. एकदा कोणी मनापासून रडलं की मरणाला वाटतं, आपलं इथलं काम झालेलं दिसतंय. ते निघून जातं. मग खुलासा करायचा, शिव्या खायच्या आणि हसायचं.

अट एकच. रडणं खरं पाहिजे.

केवळरामने लगेच मोठ्या बहिणीला फोन लावला. रुखमिणी आत्या सानगडीच्या बाजारपेठेत राहते. रडण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. शेजाऱ्याची म्हैस मेली तरी ती दुपारचं जेवत नाही.

"बाई," केवळराम गहिवरल्यासारखं करून म्हणाला, "आपली माय गेली वो."

पलीकडून आत्या म्हणाली, "कावळा बसला वाटते?"

"नाई वो, खरंच…"

"मले नको शिकवू. मागच्या सालीच माह्या जेठानं असंच रडवलं मले. दिवसभर रडली, अन् संध्याकाळी थो चहा प्यायले आला. ठेव फोन."

घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. कारण आजी तेव्हापासून पाण्याचा घोटही न घेता भिंतीला टेकून बसली होती, आणि तिची नजर एकसारखी उर्वशीवर होती.

"बाबा," उर्वशी म्हणाली, "पेपरात आलं तं आत्या मानंन."

वच्छला, तिची आई, म्हणाली, "पोट्टी बराबर बोलते. आपल्या बोलण्यावर कोणी भरवसा नाई ठेवत. छापलेल्यावर ठेवते."

तेवढ्यासाठी मॅडमचा नियम मोडायला उर्वशीला वाईट वाटलं. पण आजी एकच होती. नियम मॅडमकडे बरेच होते.

एक अडचण होती. बातमी फिरल्यावर कोणी घरी डोकावलं आणि मयत अंगणात तांदूळ निवडताना दिसलं, तर रडणार कोण? म्हणून ठरलं की आजीने दिवसभर वावरातल्या झोपडीत बसावं, बोडीच्या काठी. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. तिथे या दिवसांत कोणी फिरकत नाही. वच्छलाने भाताचा डबा बांधून दिला.

जाताना आजीने उर्वशीच्या डोक्यावरून हात फिरवला. टाळूवर, टोचलं होतं तिथेच, हात जरा थांबला.

"मी येईन तुले घ्यायले," केवळराम म्हणाला. "कोणी रडलं का लगेच येतो."

"रडन कोणी तरी," आजी म्हणाली. "नाईच रडलं तं मी आहो."

तेव्हा सगळे हसले.

दुपारी जेवणं झाल्यावर उर्वशीने बातमी लिहिली. 'सिहोरा येथील रंभाबाई यांचे वृद्धापकाळाने दुःखद निधन.' स्वतःचा फोटो काढून आजीचा टाकला. घरी आलेल्या भुपेंद्रने ती वेबसाइटवर चढवली आणि लिंक नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली.

मग वाट पाहणं सुरू झालं.

हात जोडलेली चिन्हं आली. भराभर आली. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आली. एका मावसभावाने तीच श्रद्धांजली दोनदा पाठवली, दुसऱ्यांदा गुलाबासकट. एकाने विचारलं, 'माती किती वाजता?' दुसऱ्याने त्याखाली साखरपुड्याचं निमंत्रण टाकलं.

रडलं कोणीच नाही.

ऊन उतरलं. घरापुढच्या कडुलिंबावर कावळे जमायला लागले. रोजच जमायचे… पण रोज ओरडायचे. त्या दिवशी ओरडत नव्हते.

"आता फोन लाव बाईले," वच्छला हलक्या आवाजात म्हणाली. "तिनं वाचलं असन."

प्रकल्पासाठी मुलाखती घ्यायच्या म्हणून उर्वशीच्या मोबाईलवर सगळे फोन रेकॉर्ड व्हायचे. तिच्याच मोबाईलवरून लावला. स्पीकर सुरू केला.

एकदाच वाजला आणि उचलला गेला.

"बाई?"

काहीच नाही.

बाजारपेठेतलं घर. मागे गाड्यांचे हॉर्न, भाजीवाल्याची हाक, टीव्ही, काहीतरी ऐकू यायला हवं होतं. काहीच नव्हतं. लांब कुठेतरी पाणी काठाला लागल्यासारखा आवाज तेवढा येत होता…

मग हुंदका आला.

एक. मग दुसरा. मग हेल काढून, शब्द घोळवून, जुन्या बायका रडतात तसं रडणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते. पण ते रडणं खरं होतं. इतकं खरं की वच्छलाने पदर तोंडाला लावला.

केवळरामचा चेहरा उजळला. त्याने थोडं रडू दिलं, मग म्हणाला, "बस कर वो. खोटं होतं ते. जिती आहे."

रडणं थांबलं.

पाण्याचा आवाज…

मग अगदी बारीक आवाजात प्रश्न आला, "जिती आहे ना?"

"आहे, आहे. घरीच आहे. मस्त आहे."

पलीकडून एक लांब सुस्कारा आला. ओझं खाली ठेवल्यावर येतो तसा. फोन कटला.

घरात हसणं उसळलं. वच्छलाने चहा ठेवला. केवळरामने टॉर्च शोधला, आजीला आणायला.

तो चप्पल घालत होता तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"काय रे केवळ, अक्कल आहे का तुले?" रुखमिणी आत्या होती. मागे हॉर्न, भाजीवाला, टीव्ही, सगळं होतं. "माह्या पोरीच्या मोबाईलवर पाहून राहिली मी. उर्वशीचा फोटो काहून टाकला बे मेलेल्यात? जित्या पोरीचा?"

उर्वशीने मोबाईल घेऊन ग्रुप उघडला. लिंकच्या वरती चौकटीत तिचाच फोटो होता. हसरा. खाली 'दुःखद निधन'. वेबसाइटवर फोटो बदलला होता, पण लिंकसोबत जुनाच गेला होता. दुपारपासून सगळ्यांनी आजीचं नाव न वाचता तिला हात जोडले होते.

"पण बाई," केवळराम म्हणाला, "आताच तं तू रडत होती फोनवर."

"मी? मी कायले रडू? कावळ्याची बातमी शेंबडं पोट्टंही वळखते. अन् कोणत्या फोनवर रे? माहा मोबाईल तं सकाळी तुह्याशी बोलून ठेवता ठेवता पाण्याच्या गुंडात पडला. तवापासून तांदळाच्या डब्यात ठेवून आहे. बंद."

चहा उतू गेला. कोणी उठलं नाही.

मग केवळराम धावला. मागे उर्वशी, मागे भुपेंद्र.

झोपडीच्या दाराशी आजी मेढीला, लाकडी खांबाला टेकून बसली होती. पाय बोडीकडे. पाणी काठाला लागत होतं… तसंच, फोनमध्ये लागत होतं तसं.

"माय," केवळरामने खांद्याला हात लावला.

अंग लाकडासारखं ताठ झालं होतं.

भाताचा डबा शेजारी होता. फडक्याची गाठही सुटलेली नव्हती. आजीला नंतर आंघोळ घालणाऱ्या बायका म्हणाल्या, जेवणवेळेच्या आधीच गेली असणार. म्हणजे उर्वशीने बातमी लिहिली तेव्हा ती खोटी नव्हती.

पण टॉर्चच्या उजेडात एक गोष्ट तिघांनीही पाहिली.

आजीचे गाल ओले होते.

भुपेंद्र म्हणाला, दव असेल. असेलही. लुगडं मात्र कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी मातीला नातेवाईक आले. दारात उर्वशी दिसली की जागीच थबकत होते. एका म्हाताऱ्याने तिला हात लावून पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं. पण मंग मेलं कोण?"

'बांधावरून' कॉलेजात जमा झालं. रीता मॅडमनी चौथ्या पानावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "या अंकात ही एकच बातमी वेळेवर दिलीय." उर्वशीने मान हलवली.

रेकॉर्डिंग तिने तेरवी झाल्यावर ऐकलं. दुपारच्या उन्हात, अंगणात, मुद्दाम माणसांमध्ये बसून. कानाला लावून ऐकल्यावर स्पीकरवर न कळलेले शब्द कळले.

आवाज आत्याचा नव्हता.

"माहे उर्वशे वो… माहे लेकरू वो… माह्या हातून तेल लावून गेली वो…"

उर्वशीचा हात आपोआप टाळूवर गेला. तिथे अजून एक खपली होती. फणीचे दात एका ओळीत असतात. ही खूण तशी नव्हती. तीन बोटं पुढे, एक मागे.

त्या सकाळी आजी बोलायच्या आधी बराच वेळ का थांबली होती, ते तिला तेव्हा कळलं.

मरण कोणाचं होतं, कोणी अंगावर घेतलं, आणि एवढं करूनही भरवसा नसल्यासारखं कोण रडलं… हे तिने घरात सांगितलं नाही. केवळराम अजून म्हणतो, आपण खुलासा करायला घाई केली.

आत्याचा मोबाईल तांदळातून निघाला तो सुरू झालाच नाही. तिने नंबरही बदलला. पण त्या जुन्या नंबरावरून उर्वशीला अधूनमधून फोन येतो. दिवेलागणीला. आधी पाण्याचा आवाज, मग तोच प्रश्न, "जिती आहे ना?"

"आहो आजी," उर्वशी म्हणते.

मग तो सुस्कारा येतो आणि फोन कटतो. हातातलं काम टाकून ती तो उचलते. न उचलल्यास काय होईल, हे तिला पाहायचं नाही. आता तिला त्याची भीतीही वाटत नाही. सवय झाली आहे.

परवा पुन्हा आला.

"आहो आजी," ती म्हणाली.

पलीकडे पाणी काठाला लागत होतं. ती थांबली. पुन्हा म्हणाली, "आहो ना आजी, घरीच आहो."

सुस्कारा आला नाही.

थोड्या वेळाने, खूप हळू… हुंदका आला.