कळवळ्याचे अंक

नववी 'ब'चा वर्ग मन लावून रडत होता. इचलकरंजीच्या त्या शाळेत वाचनाच्या तासाला प्रत्येकाच्या मनगटावर कळवळामापक असे. नाडी, घाम आणि श्वास यांवरून वाचणाऱ्याला दुसऱ्याचं दुःख किती भिडलं, ते ही रबरी पट्टी शंभरापैकी अंक देऊन सांगे. स्थलांतरितांचे हाल मुलांना कळावेत म्हणून दोनपैकी एक कादंबरी नेमायची होती. जिचे अंक जास्त, ती लागणार. पुस्तकं वाचण्याचे कष्ट निवड समितीला आता उरले नव्हते.

'पुरातलं पाखरू'ला एक्क्याण्णव मिळाले. घंटा झाली. डोळे पुसून मुलांनी डबे उघडले.

"ए कोळंबी, सरक की तिकडं! वास मारतोय," त्र्याण्णव अंकांचा हृषीकेश म्हणाला.

तुंपा मंडल डबा उचलून खिडकीपाशी गेली. सुंदरबनातलं बेट बुडाल्यावर तिचे आईवडील इथं यंत्रमागावर कामाला आले होते. तिचे अंक होते चार. दहाच्या खाली गेलं की नाव 'संवेदना सुधार वर्गा'च्या यादीत जाई आणि दाखल्यावर तसा शेरा पडे.

यादी करायचं आणि पुस्तकाच्या निवडीवर सही करायचं काम ग्रंथपाल गुळवणींचं. सगळा जन्म कपाटांच्या आडोशाला काढलेला हा माणूस शिपायाला हाक मारतानाही दोनदा विचार करी. त्यांनी तुंपाला ग्रंथालयात बोलावलं.

"पुस्तक वाचलंस ना गं?"

"दोनदा वाचलं, सर."

"मग काहीच कसं वाटलं नाही?"

"हसू आलं. त्यातली आई घर सोडताना पदरात माती बांधून घेती. माझ्या आईनं कुकर घेतला. माती तर गळ्यापर्यंत आली हुती."

गुळवणींचे कान तापले. नेमक्या त्याच पानावर त्यांना हुंदका आला होता. अठ्ठ्याऐंशी अंक! शिक्षकांच्या खोलीत दोघांना त्यांनी ते सांगितलंही होतं.

"आणि ती दुसरी, 'रांग'? तिला तर तुझे अंकच नाहीत."

'रांग'ला वर्गाने अकरा देऊन निकालात काढलं होतं. तीनशे पानं एक कुटुंब पत्त्याच्या दाखल्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतं, एवढंच.

तुंपा नखं कुरतडत राहिली. "चाळिसाव्या पानावर पट्टी काढून ठेवली, सर. पुढचं माझं मी वाचलं. ते काय मोजून घ्यायचं असतंय?"

ती गेल्यावर गुळवणींनी पट्टी चढवली आणि चाळिसावं पान उघडलं. खिडकीतला कारकून एका बाईला मूळ गाव विचारतो. ती सांगते. तो नकाशात शोधतो आणि म्हणतो, "असं गाव नाही. पुढचा कोण?"

पट्टीवर नऊ आले. त्यांनी पान पुन्हा वाचलं. सात.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका घोरपडे कागद नाचवत आल्या. "'पाखरू'च्या निवडीवर तुमची सही नाही. यादीत मंडल नाही. आणि हे काय, गुळवणी? हे तुमचंच नाव?"

"हो. माझे सात आले."

"थट्टा करताय होय, सर? या वयात?"

"नाही हो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कापत होता. ते पट्टी पुढे सरकवत म्हणाले, "चाळिसावं पान काढून ठेवलंय, मॅडम. तुमचे किती येतात, बघता?"