हिरवा दिवा, गार पाय

मेणबत्ती आडोशाला धर रे. आणि तो गोडाचा भात आधी कबरीवर ठेवा, मग हाणा. भुकेचे मेले!

ही कबर अडेल्फाबाईंची, आमच्या फिलिपिन्सच्या या बोहोल बेटावरच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर. चार वर्षं झाली जाऊन. मशीन काहीही म्हणो, त्या रोग्याचे मोजे काढायच्या, पाय चाचपायच्या, मग मोजे एकात एक घालून उशाशी ठेवायच्या.

गेल्या वर्षी, आजच्यासारखीच मृतांच्या सणाची, दोन नोव्हेंबरची रात्र. माझी भाची लुमिंग, त्याच दवाखान्यात नर्स, रात्रपाळीला निघाली, मी तिला माझ्या तीनचाकीतून सोडलं. तीन दिवस तापाने फणफणली होती पोरगी. ताप त्याच दुपारी उतरलेला.

"अगं, आज राहू दे की!"

"मामा, अख्ख्या वॉर्डाला आम्ही दोघी. नाही गेले तर ती बिचारी एकटी मरेल. आणि मशीन आहे ना मदतीला."

मशीन म्हणजे टेबलावरचा पडदा. नाडी, ताप, रक्तदाब बघून सांगणार, आधी कुणाकडे जा. लाल दिवा म्हणजे धाव, हिरवा म्हणजे बरा आहे. साहेब लोक त्याला एआय म्हणतात. खोटं कशाला बोलू, त्याने जीवही वाचवलेत.

सहा नंबरच्या खाटेवर नोनिटो, डेंगीचा पोरगा. ताप उतरलेला. दिवा हिरवा. अंगात वारा शिरू नये म्हणून आईने लोकरी मोजे चढवलेले. आमच्याकडे सगळ्याच आया चढवतात.

दोन वाजता लुमिंग बघते तर मोजे उशाशी. एकात एक घातलेले.

"मावशी, मोजे काढलेत?"

"छे हो सिस्टर! मी कशाला काढू?" आईने झोपेतच पुन्हा चढवले.

लुमिंगने पडदा पाहिला. हिरवा.

थोड्या वेळाने परत आली. आई घोरत होती. मोजे... उशाशी.

आसपास कोणी नाही.

तिने पोराचा पाय धरला.

बर्फ.

दिवा... हिरवाच.

डेंगीत ताप उतरला की खरी भीती, पाय गार पडले की धावायचं, हे तिला अडेल्फाबाईंनीच शिकवलेलं. पडदा सोडून ती डॉक्टरकडे धावली. सलाईनवर सलाईन. उजाडता उजाडता पोरगं पेज मागायला लागलं. मला आजही भरून येतं.

सकाळी गाडीत बसली. "मामा, गरगरतंय जरा." वाकून बूट काढले.

पाय उघडे.

रात्रभर बूट काढले नव्हते तिने.

"मोजे घालायला विसरले असेन," म्हणाली.

विसरली कसली? पांढरे, निळ्या काठाचे, माझ्यासमोर घातलेले.

मी तिचा पाय धरला...

गाडी तशीच मागे वळवली. दवाखान्यात तिलाही मशीन लावलं. दिवा हिरवा! मी आरडाओरडा केला, म्हटलं, पायाला हात लावा आधी! वाचली. ती काय, तिकडे मेणबत्त्या लावतेय. इथे काय सापडलं, ते तिला अजून सांगितलं नाही मी.

आज सकाळी कबर धुवायला आलो. रात्रभर पाऊस झालेला, दगड ओलाचिंब. आणि इथे, या फुलांमागे... बघ. निळा काठ. एकात एक घातलेले.

हात लाव रे.

कोरडे आहेत.