दिव्याआडून कोण जातं

सुरू.

तिबोच्या दुरुस्तीच्या दुकानात डिस्कवर उतरवायला येणारी टेप सहसा लग्नाची असते, नाहीतर बारशाची. मनांग फेलीने, म्हणजे फेलीताईने, आणलेली टेप मयताची होती, आणि त्या आठवड्यात आलेल्या टेपांमध्ये तीच सगळ्यांत हसरी निघाली.

त्यात नवल काहीच नव्हतं. फिलिपिन्समधल्या या इलोइलो शहरात मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. शवपेटी घरात, आणि अंगणात पत्ते, बिस्कोचोचे गोड टोस्ट, कॉफी, थट्टामस्करी. पडद्यावर एक लठ्ठ गृहस्थ हरता हरता बाकासकट मागे कोसळला, तसा दुकानातही हशा पिकला.

"बर्तिंगमामा!" फेली डोळे पुसत म्हणाली. "अजून तसाच रडीचा डाव खेळतो मेला."

तिचा धाकटा भाऊ सेल्मो हसला नाही. तो खलाशी. आई गेली तेव्हा भर समुद्रात होता. निरोप पोचेपर्यंत तिला माती देऊन झाली होती. आज संध्याकाळच्या विमानाने मनिला आणि तिथून पुन्हा जहाज. जहाजावर डीव्हीडी चालते, टेप नाही. त्याला एकदाच, नीट, नानायचा, आईचा, चेहरा पाहायचा होता.

आणि नेमका तोच दिसत नव्हता. कॅमेरा शवपेटीकडे वळला की चित्र विझायचं, उजळायचं, पुन्हा विझायचं.

थांब.

तिबोने स्पिरिटने व्हीसीआरचं हेड पुसलं. ट्रॅकिंगचं बटण इकडेतिकडे फिरवून पाहिलं. टेप दुसऱ्या व्हीसीआरमध्ये घातली. तेच.

"तुझा हात लागला की चांगली वस्तूसुद्धा मान टाकते," फेली म्हणाली. "माझा मिक्सर आठव."

"मनांग, तो मिक्सर तुम्ही पाण्यात बुचकळून आणला होता."

"मग? धुवायचा नाही?"

तिबोने ठेवणीतला डबा काढला. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून घेतलेला. व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डरच्या मधे जोडला की हलणाऱ्या रेषा सरळ होतात, फडफड थांबते.

रेषा सरळ झाल्या. फडफड थांबली. विझणं तेवढं राहिलं.

मागे.

या वेळी तिबो पडद्याच्या काचेला नाक लावून बसला. अंधार सगळीकडे एकदम येत नव्हता. तो डावीकडून शिरायचा आणि उजवीकडून बाहेर पडायचा.

"टेपला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "कॅमेऱ्याच्या दिव्यासमोरून कुणीतरी ये-जा करतंय. तुमच्याकडे कॉफी कोण देत होतं?"

"कोण म्हणजे? आपलं..." फेलीने बोट पुढे केलं. "ती पेटीजवळ मी. ही मावशी. स्वयंपाकघरात..."

बोट तसंच राहिलं.

"काय गं?" सेल्मोने विचारलं.

"कधी विचारच केला नाही रे. कॉफी येत होती. आम्ही पीत होतो."

पुढे.

तिबोने चित्राचा काळा भाग थोडा उजळवला. सावलीला पाठ आली. रुंद, फुलाफुलांच्या घरगुती झग्यातली. हातात तबक. ती माणसामाणसापुढे वाकत होती आणि माणसं तिच्याकडे न बघताच कप उचलत होती. बर्तिंगमामाने तर दोन घेतले.

दोन पाहुणे उठले. बाई त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेली.

फेलीने छातीवर क्रूसाची खूण केली. "घरचं कुणी असं करणार नाही. मयताच्या पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायचं नसतं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मागोमाग घरात दुसरं मरण येतं."

"नानाय जायची," सेल्मो म्हणाला. "पाहुणा कुणाचाही असो, फाटकापर्यंत जायचीच."

"तिच्या स्वतःच्या मयताला?"

यावर दोघं एकमेकांकडे बघून, का कोण जाणे, फसकन हसली.

पुढे.

तबकात एकच कप उरला.

बाई खोलीभर बघत राहिली. बाकांवर. दाराशी. मान उंचावून अंगणात.

मग ती कॅमेऱ्याकडे वळली.

चेहऱ्याने पडदा भरला. गोल, घामेजलेला, लगबगीतला.

"नानाय," सेल्मो म्हणाला.

तिने तबक पुढे केलं. थांबली.

तिबोच्या हाताखाली व्हीसीआर घरघरत होता.

टेप संपली.

थांब.

"डिस्क लाव," सेल्मो म्हणाला. त्याचा आवाज चांगला खणखणीत होता.

तिबोने रेकॉर्डरमधली नुकतीच उतरलेली डिस्क लावली. पत्ते आले, बर्तिंगमामा कोसळला. कॅमेरा पेटीकडे वळला. तिबो विझण्याची वाट पाहत राहिला.

काही विझलं नाही. दिव्यासमोरून कुणीच गेलं नाही. पेटीत नानाय शांत पडून होती, भुवईवरचा तीळसुद्धा दिसावा इतकी स्वच्छ.

"बघ, बघ किती छान दिसतेय!" फेलीने नाक शिंकरलं. "शाबास रे तिबो. मिक्सर माफ."

तिबोने सेल्मोकडे पाहिलं. सेल्मो मनगटाने मिशी पुसत होता.

"साखर जास्तच," तो समाधानाने म्हणाला.

त्याच्या पांढऱ्या बाहीच्या कडेला एक तपकिरी ओला डाग होता, आणि त्यातून अजून वाफ निघत होती.