कातेलच्या मेजावरचा चाकू

पाऊस म्हणावा असा पाऊस नव्हताच. समुद्रावरून आलेली भुरभुर होती ती — अंगावर पडतेय हे कळतसुद्धा नाही, आणि बघता बघता माणूस निथळायला लागतो. आझेनोर चाकूंच्या दुकानाच्या फळ्या लावत होती. शेवटची फळी उचलली, तेवढ्यात धक्क्यावरून एक उंच खलाशी पळत आला, पायरीला त्याचा लाकडी बूट अडकला, आणि तो फळीसकट थेट आत येऊन गल्ल्यावर आदळला.

"आत यायची ही कुठली तऱ्हा?"

"दार बंद होत होतं ना... म्हटलं, बाहेर राहिलो तर —"

"तर उद्या आला असतास. फळी सोड आधी."

त्याने फळी सोडली. ओशाळून खिशात हात घातला, एक घडीचा चाकू काढला आणि तिच्यापुढे ठेवला. लाकडी मूठ, तिला बांधलेली मळकी दोरी. आझेनोरने पात्याच्या खाचेत नख घातलं, ओढलं. पातं हलेना. सांध्यात मीठ नुसतं दगडासारखं बसलं होतं.

"याला तेल कधी पाजलं होतंस?"

"पाजायचं असतं?"

तिने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. डोळे राखाडी, पापण्यांवर पाणी, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता रागाव, पण बाहेर काढू नकोस. तिला रागावताच येईना. तेवढ्यासाठी ती जास्तच रागावली.

"नाव काय तुझं?"

"एफ्लाम. मोर्वान तांडेलाच्या बोटीवर आहे — हिरव्या शिडांची ती. ट्यूना मासे धरायला जाणार आहोत."

"मग नीट ऐक, एफ्लाम. खलाशाचा चाकू म्हणजे खिशात मिरवायचा दागिना नव्हे. तो एका हाताने उघडला पाहिजे. हात ओला असो, गारठलेला असो, काळोख असो. दुसरा हात बोटीला धरायला लागतो."

तिने सांध्यात तेल सोडलं, काडीने मीठ उकरलं, पातं हळूहळू हलवत हलवत उघडलं. मग दगडावर पाणी शिंपडून धार लावायला बसली. तो तिच्या बोटांकडे बघत राहिला.

"तुझ्या हाताला घाबरूनच उघडला तो," तो म्हणाला.

"चाकू घाबरत नाही. माणसं घाबरतात."

"ते तर दिसतंच आहे..." आणि तो हसला. खाली मान घालून, जरासंच. आझेनोरने दगडावर उगाच जास्तीचं पाणी ओतलं.

त्यानंतर त्याच्या चाकूला काय धाड भरली कोण जाणे, दोन-चार दिवस गेले की धार गेलेली!

"परत?" ती विचारायची.

"हाडं कापली."

"कशाची?"

"...माशाची."

"ट्यूना अजून यायचाय."

"मग पाव असेल. आमच्या बोटीवरचा पाव बघितला नाहीस तू. त्याने होडीला भोक पडेल."

सार्डिन माशांच्या कारखान्यातल्या पोरी येता-जाता दारात थांबायच्या आणि मोठ्याने बोलायच्या, "काय ग बाई कडक पाव यांच्या बोटीवर!" आझेनोर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. पण तो यायच्या दिवशी तिची पांढरी टोपी कडक इस्त्रीची असे, हे त्या पोरींच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आणि पावसाच्या दिवशी तो खिडकीपाशी टेकून उभा राही, काचेवर उमटलेल्या वाफेत बोटाने शीड काढी, आणि जाताना ते पुसून जाई. तो गेल्यावर ती त्या पुसलेल्या जागेतून धक्क्याकडे बघत बसायची... आपण काय बघतोय, हे स्वतःलाही न विचारता.

एके दिवशी दुपारी ऊन पडलं. तिने चाकू खिडकीपाशी नेऊन धारेकडे नीट बघितलं, आणि तिचा हात थांबला. धारेवर आडव्या, सारख्या रेघा होत्या. त्या रेघांत करडी पूड. ही पूड तिच्या ओळखीची होती. धक्क्याच्या दगडाची.

"तू हा मुद्दाम घासतोस," ती म्हणाली.

एफ्लामचे कान लाल झाले. "मग काय करू? चांगली धार असलेला चाकू घेऊन आलो तर तू म्हणशील, जा."

क्षणभर तिला ऊबदार वाटलं. माझ्यासाठी... नुसतं इथं येता यावं म्हणून... आणि पुढच्याच क्षणी ती ऊब गेली. तिने चाकू खाली ठेवला.

"माझे बाबा ट्यूनालाच जायचे," ती म्हणाली. "रिवाल त्यांचं नाव. दोर सुटत असताना पायाला वेढा बसला आणि गेले पाण्यात. चाकू खिशात होता. आमच्याच दुकानातला. गावभरच्या चाकूंना आम्ही तेल घालायचो, आणि घरच्या माणसाचा तेवढा राहून गेला. वाळूवर सापडले तेव्हा चाकू मुठीत होता... मिटलेला."

बाहेर कोणीतरी टोपल्या ओढत गेलं.

"मला माहीत नव्हतं," एफ्लाम म्हणाला.

"आता झालं ना माहीत?"

तिने त्याच्या चाकूला धार लावली. आयुष्यात लावली नसेल अशी लावली, कारण बोथट पातं घेऊन कोणाला समुद्रावर पाठवणं तिच्याच्याने होणार नव्हतं. मग चाकू मिटून त्याच्या पुढ्यात आपटला. "आता इथं यायचं काही कारण नाही तुला."

तो गेला, आणि खरोखरच यायचा थांबला.

आझेनोरने कोणाला काही विचारलं नाही. विचारणाऱ्यातली ती नव्हती, आईवर गेली होती. फक्त हिरवी शिडं सुकत घातलेली दिसली, की ती दगडावर पाणी शिंपडायची विसरायची.

मग एका सकाळी तो आला. दारातच उभा राहिला, आत नाही. तिने हात पुढे केला. त्याने चाकू तिच्या तळहातावर ठेवला. तिने अंगठ्याने पातं उघडलं. सांधा तेलाने मऊ. धार मात्र पुढे एक, मागे एक, मधे जरा खाल्लेली.

"कोणी लावली ही?"

"मी."

"वाकडी आहे."

"हो... पण कापते." त्याने मनगट पुढे केलं. तिथल्या थोड्या जागेवरचे केस साफ भादरलेले होते. तिला हसू आलं, ते तिने ओठातच दाबलं.

"मग काय काम काढलंस?"

"काम काही नाही." तो टोपी हातात फिरवत होता. "चाकू ठीक आहे. दोर ठीक आहेत. बूटसुद्धा ठीक आहेत. आज नुसतंच... यायचं होतं. सोमवारच्या भरतीला आम्ही निघतोय. शरद लागेपर्यंत येणार नाही."

धार लावायला काही नाही, तेल घालायला काही नाही. मोकळे हात कुठे ठेवायचे, हेच आझेनोरला कळेना. तिने ते एप्रनला पुसले. कोरडेच होते.

"रविवारी जेवायला ये," मागून आवाज आला.

दोघंही दचकले. आतल्या दारात कातेल उभी होती, आझेनोरची आई. दुकान तिचं, घर तिचं, आणि गल्लीत कोणी मोठ्याने शिंकलं तर त्याला झापायचा हक्कही तिचाच.

"येतो, काकू," एफ्लाम म्हणाला, आणि आनंदाने पायरीवरून पुन्हा एकदा घसरला.

आझेनोरला मात्र आनंद झाला नाही. कातेलचं मेज तिला माहीत होतं.

त्या किनाऱ्यावर जेवण चाकूने सुरू होतं आणि चाकूनेच संपतं. घरातलं मोठं माणूस आपला चाकू उघडतं, पावाच्या पाठीवर टोकाने क्रूस काढतं, पहिला काप कापतं, मग बाकीच्यांनी घास घ्यायचा. आणि मोठ्या माणसाने चाकू मिटला, की जेवण संपलं. ताटात काय राहिलं ते बघायचं नाही, उठायचं. लग्नाची गोष्टही तिथेच काढायची, पावासमोर. धक्क्यावर बोललेलं वाऱ्यावर गेलं. रिवाल गेल्यापासून या मेजावर कातेलचा चाकू चाले, आणि तो रिवालच्या मुठीतून सोडवून घेतलेला होता. आझेनोरला मागायला याआधी दोन खलाशी येऊन गेले होते. दोघांनीही घसा खाकरला मात्र — टक! चाकू मिटला. दुसऱ्याच्या गालात तर डुकराच्या मांसाचा घास तसाच होता. तसाच घेऊन बिचारा घरी गेला.

"आई, बोलू दे त्याला," आझेनोर शनिवारी म्हणाली.

"मी कुठे तोंड धरलंय त्याचं? जेवायला बोलावलंय, जेवील."

रविवारी एफ्लाम आला. अंगात दुसऱ्याच कोणाचा तरी कोट, बाह्या मनगटाच्या वर. कातेलने चाकू उघडला, क्रूस काढला. कुट्टूच्या पिठाची धिरडी, खारं लोणी, मांसाचा रस्सा, सफरचंदाची दारू. मेजावर सगळं होतं.

"आई आहे का रे तुला?"

"आहे, काकू."

"वाट बघत असेल."

"बघते."

"बघतच राहील," कातेल म्हणाली, आणि रस्सा वाढला.

आझेनोर ताटाकडे बघत होती. एफ्लामने पेला खाली ठेवला, हात मांडीवर घेतले.

"काकू, मला तुमच्या —"

टक!

आणि एफ्लाम उठला. त्याचा दोष नव्हता. लहानपणापासून ऐकलेला तो आवाज, मन सावरायच्या आत पायांनी हुकूम मानला होता. तो उभा होता, आखूड बाह्यांचे हात लोंबकळत होते, आणि उद्या भरती होती.

आझेनोर उठली नाही.

तिने एप्रनच्या खिशातून स्वतःचा चाकू काढला. दुकानात दिवसभर शंभर चाकू तिच्या हाताखालून जात, पण आईच्या मेजावर तिने आजवर एकही उघडला नव्हता. मुलीने आईच्या मेजावर आपला चाकू उघडायचा म्हणजे चूल वेगळी मांडायची. तिने तो उघडला, पाव छातीशी धरला आणि एक काप कापला.

"जेवण झालं, आझेनोर."

"तुझं झालं असेल. मी जेवतेय अजून."

"मीट तो."

"नाही."

"या घरात दोन चाकू उघडे राहत नाहीत!"

"एकच उघडा आहे, आई. तुझा मिटलेला आहे." तिने कापलेला पाव ताटात ठेवला. "बाबांच्या हातात तो मिटलेला राहिला, म्हणून तू येईल त्याच्या तोंडावर तो मिटतेस. मला कळत नाही का तुला कशाची भीती वाटते? मलाही वाटते. रोज वाटते, ज्याच्या ज्याच्या चाकूला धार लावते त्याच्यासाठी वाटते. ह्याच्यासाठी तर... पण ती भीती मला ह्याच्याबरोबर हवी. ह्याच्यावाचून घेऊन मी काय करू तिचं?"

कातेलने टोपीची नाडी हनुवटीखाली नीट केली, जी आधीच नीट होती. मग उभ्या असलेल्या एफ्लामकडे वळली.

"तू. पायाला दोराचा वेढा बसला, तर काय करशील?"

"कापीन, काकू."

"आणि चाकू उघडलाच नाही, तर?"

बाहेर देवळाची घंटा वाजून गेली.

"तर हिचं नाव घेईन," तो म्हणाला. "दुसरं काय राहतं हातात? परत येईनच, असं खोटं वचन नाही देत तुम्हाला. समुद्र काही माझ्या ऐकण्यातला नाही. रोज संध्याकाळी चाकू उघडून बघीन, तेल घालीन — एवढं माझ्या हातातलं आहे. तेवढं नक्की करीन."

कातेल आपल्या मिटलेल्या चाकूकडे बघत राहिली. तिची बोटं त्याच्या मुठीवरून एकदा फिरली, जशी कोणाच्या हातावरून फिरवावीत तशी. मग तिने तो उचलला आणि न उघडता आपल्या खिशात टाकला.

"मलाही एक काप दे," ती लेकीला म्हणाली. "पातळ नको. दात आहेत मला अजून."

आझेनोरचे डोळे भरून आले. पाव नीट दिसेना, काप एका बाजूला जाड झाला. कातेलने तो घेतला, उलटसुलट करून बघितला, पण त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. लोणी न लावता तसाच चावला.

"आणि तू काय खांब आहेस का? बस खाली. रस्सा गार झाला." ती एफ्लामला म्हणाली. "काय सांगायचं होतं ते सांग. जेवण कधी संपवायचं, ते आज हिच्या हातात आहे."

एफ्लाम बसला. आठवडाभर पाठ केलेलं सगळं त्याच्या डोक्यातून पार गेलं होतं. त्याने आझेनोरकडे बघितलं. तिच्या गालावर पिठाचा एक ठिपका होता. मग कातेलकडे बघितलं.

"काकू, मला तुमच्या —"

इतकं बोलून तो सवयीने थांबला. तिघंही थांबले. खिडकीवर भुरभुर सुरू झाली होती, तेवढाच आवाज. दुसरा कुठलाच आला नाही.

"कोणी मिटत नाहीये," आझेनोर हलकेच म्हणाली. "वाक्य पुरं कर."

आणि त्याने ते पुरं केलं.