तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

डबा पालथा करून झाला, तरी पासपोर्ट त्यात नव्हता.

मारिव्हेल तांदळाच्या ढिगासमोर फरशीवर बसून बोटांनी तो पुन्हा पुन्हा चाळत होती. उद्या सकाळी सातला येमेनमधल्या एडनच्या बंदरातून जिबुतीचं जहाज सुटणार होतं. लढाईमुळे विमानतळ दोन महिने बंद होता. पुढचं जहाज कधी, हे बंदरावरही कोणी सांगत नव्हतं. फिलिपाइन्समध्ये तिचा मुलगा आता सहा वर्षांचा होता. तिने त्याला शेवटचं पाहिलं, तेव्हा तो तीन वर्षांचा होता.

"पासपोर्ट शेवटचा कधी पाहिलास?" इख्लासने विचारलं.

दोघी एकाच हॉस्पिटलात कामाला होत्या आणि एकाच बिऱ्हाडात शेजारच्या खोल्यांत राहत. मारिव्हेल डायलिसिसची नर्स. इख्लास सुदानी, ती प्रयोगशाळेत रक्त तपासायची. तिचं खार्टूममधलं घर लढाईत गेलं होतं. तिला कुठल्याच जहाजाची वाट पाहायची नव्हती.

"एक वाजता. खोलीला कुलूप लावून ड्यूटीवर गेले. सहाला आले ती सरळ जेवणाच्या तयारीला लागले. बॅग बाहेर काढायला आत्ता खोली उघडली."

"कुलूप?"

"जसंच्या तसं."

किल्ल्या दोनच होत्या. एक मारिव्हेलच्या गळ्यात, दुसरी खाली पहारेकऱ्याच्या खोलीतल्या खिळ्याला.

"डब्यात ठेवलाय, हे कोणाला ठाऊक होतं?"

"मुनीरनेच सुचवलं, दुपारी देश सोडायचा शिक्का मारून आणून दिला तेव्हा. जिन्यात उभे होतो. चोर आधी कपाट बघतो, म्हणाला, तांदळात ठेव. बावझीर काका जिना झाडत होते, सुखरूप जा म्हणून त्यांनी दुवा दिली. शौकीही होता. म्हणे, बघ हं, पुलावात शिजवशील."

ते तिघेही बाहेरच्या खोलीतच होते. मारिव्हेलला निरोप द्यायला इख्लासने मासे तळले होते, भात केला होता. संध्याकाळची मगरिबची नमाज झाल्यावर सगळे जेवायला बसले. ताटं अजून उचलायची होती. शौकीने अर्धा मासा टाकला होता. मुनीरने नुसतं पाणी पिऊन भात तसाच ठेवला होता. बावझीर काकांच्या ताटात फक्त काटे उरले होते; मारिव्हेलने त्यांना दोनदा वाढलं होतं.

दूर डोंगरापलीकडे तोफ वाजली. कोणी मान वर केली नाही.

इख्लास ताटांपाशी बसली.

"पासपोर्ट गेलाय," ती म्हणाली. "मला तिघांनाही विचारायचंय."

डॉक्टर शौकी भूल देणारा इजिप्शियन. गेल्या आठवड्यात जहाजाच्या यादीतून त्याचं नाव कापलं गेलं होतं.

"विचार की. चोर मी निघालो तर सगळ्यांचीच सोय होईल."

"एक ते सहा कुठे होतास?"

"ऑपरेशनमध्ये. चार वेळा रक्ताचे रिपोर्ट घेऊन तूच आलीस, आणि दर वेळी वैतागलेलीच."

"तुझा साक्षीदार मीच. सुटलास."

मुनीर हॉस्पिटलच्या कचेरीत होता आणि याच इमारतीत तळमजल्यावर राहायचा. गात ही तरतरी देणारी पानं चघळून त्याचा एक गाल अजून फुगलेला होता, दात हिरवे झाले होते.

"तुम्ही, मुनीरसाहेब?"

"माझ्याच खोलीत. दोनपासून बांग होईपर्यंत. रोजचीच बैठक, रोजचीच गातची पानं. दहा-बारा जण होते, बाई."

"मधे उठलात?"

"मी उठलो तर लोक माझी उशी पळवतील."

"बावझीर काका होते?"

"होते की, दाराशी. दोनला आलेले मी पाहिले. मग त्या सिगारेटच्या धुरात कोण कोणाकडे बघतंय?"

"गप्पा कसल्या चालल्या होत्या?"

"नेहमीच्याच. वीज, पाणी, हॉस्पिटल."

"हॉस्पिटलचं काय?"

मुनीरने पाण्याची बाटली तोंडाला लावली. "काही विशेष नाही."

बावझीर काका इमारतीचे पहारेकरी. लुंगीची घडी सावरत ते भिंतीला टेकून बसले होते.

"मी मुनीरसाहेबांकडेच होतो, बाई. दोन ते सहा."

"पानं चांगली होती?"

"फार कोवळी. अख्खी जुडी संपवली."

"हसनाखाला कशा आहेत?"

बायकोचं नाव निघताच काकांनी फरशीकडे पाहिलं. "आहे. परवा बुधवारी तिची डायलिसिसच्या मशीनची पाळी."

खोलीत वीज आली, पंखा फिरला. इख्लास काही वेळ ताटांकडे पाहत राहिली.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुम्ही पानं चघळली नाहीत."

"म्हणजे काय, बाई?"

"चार तास पानं चघळलेल्या माणसाची भूक मरते. मुनीरसाहेबांना घास उतरला नाही. तुम्ही दोन ताटं भात खाल्लात. बैठकीत तुम्ही होतात, पण पानाला हात लावायच्या आतच उठलात. किल्ली तुमच्याच खिळ्याला होती आणि डब्याचं तुम्ही जिन्यात ऐकलं होतं. पण दुपारी जिना झाडताना तुम्ही मारिव्हेलला दुवा दिलीत. मग दोन वाजता असं काय झालं, एवढंच मला कळत नव्हतं."

ती मुनीरकडे वळली.

"मारिव्हेलच्या जागी मुकल्ला शहरातून नर्स येतेय, बुधवारी रुजू होईल, असं तुम्ही तिला सांगितलंत. ती येणार आहे?"

मुनीर बाटलीचं झाकण फिरवत राहिला.

"साहेब, हेच तुम्ही बैठकीत बोललात ना?"

"रस्ता बंद आहे," मुनीर शेवटी म्हणाला. "नाही येत ती. मारिव्हेलला सांगितलं असतं तर ती अडकली असती. आपलं नाव कापून घेतलं असतं. ओळखतो मी तिला."

"कोणीच येत नाही, हे ऐकलं आणि मी उठलो," बावझीर काका म्हणाले. लुंगीच्या घडीतून त्यांनी पासपोर्ट काढला आणि तो दोन्ही हातांनी मारिव्हेलपुढे धरला. "जहाज गेलं की परत ठेवणार होतो, पोरी. फाडणार नव्हतो."

"मग जेवलात कशाला?" शौकी चिडला. "पोट बिघडलंय म्हणायचं होतं."

"हिने वाढलं. आज हिला मी नाही कसं म्हणणार?"

मारिव्हेलने पासपोर्ट घेतला. उघडून शिक्का पाहिला.

"मी जाणार आहे, काका," ती म्हणाली. "माझा मुलगा मला फोनवर आई म्हणत नाही, बाई म्हणतो."

काकांनी मान डोलावली. ते उठले, दारात ठेवलेली तिची बॅग त्यांनी खांद्यावर घेतली.

"बंदरावर पोचवतो."

"आधी हॉस्पिटल," मारिव्हेल म्हणाली. मुनीरकडे न बघता तिने हात पुढे केला. "मशीनच्या खोलीची चावी."

मुनीरने ती खिशातून काढून दिली.

मारिव्हेलने ती इख्लासच्या हातात ठेवली. "सुई तुला टोचता येते. बाकीचं दाखवते, चल."

"मी नर्स नाही."

"मलाही हे कधीतरी कोणीतरी शिकवलंच ना?"

इख्लासने ओढणी डोक्यावरून घेतली. हसनाच्या रक्तातलं पोटॅशियम ती दीड वर्ष दर बुधवारी मोजत आली होती. ते मशीनवर उतरवायचं कसं, हे शिकायला तिच्याकडे आता जहाज सुटेपर्यंतचे अकरा तास होते.