चाळीसाव्या पानावरची चेरी

स्पेनमधल्या आमच्या अल्बासेते गावचा वारा कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्या नोव्हेंबरात त्याने आमच्या दुकानाच्या दोरीवरचं एक पुस्तक चिमट्यासकट उपटलं आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुणाच्या छातीवर नेऊन आपटलं.

मी माफी मागायच्या तयारीनेच बाहेर धावले. पण त्या माणसाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्याने पुस्तकावरची धूळ पुसली, थेट चाळीसावं पान उघडलं आणि कडेवर बोट फिरवत मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"अकरा," तो म्हणाला, आणि घरातलं पोर परीक्षेत पास झाल्यासारखा हसला.

मी जागच्या जागी थबकले. पुस्तक मेबल क्रॉस्टनचं होतं. मुखपृष्ठावर चंद्र, होडी आणि होडीत एकमेकांना बिलगलेले दोघे. असली पुस्तकं आमच्याकडे बायका नेत. पुरुषांसाठी घोडे आणि पिस्तुलं असत. भर रस्त्यात प्रेमकथा उघडून हसणारा पुरुष मी जन्मात पाहिला नव्हता.

आता ते चाळीसावं पान म्हणजे काय, ते आधी सांगते. आमचं दुकान पुस्तकं विकण्याचं नव्हतं, बदलून देण्याचं होतं. वाचलेलं पुस्तक आणायचं, एक नाणं द्यायचं, दुसरं न्यायचं. जोडीला वह्या, कागद, शेंगदाणे विकत असू. सगळी पुस्तकं खिशात मावणारी, सव्वाशे पानांची, दिसायला सारखीच. त्यातलं कुठलं वाचलंय हे लक्षात राहणार कसं? म्हणून प्रत्येक वाचक चाळीसाव्या पानाच्या कडेला पेन्सिलीने आपली खूण करी. ओब्दुलिया काकूंचा क्रूस, रेल्वेच्या गार्डचं वर्तुळ, माझ्या साग्रारिओ आत्याची तीन टिंबं. दुकान तिचंच होतं. माझी खूण होती एक चेरी. वाकड्या देठाला लटकलेली, एकटी. आपली खूण दिसली की पुस्तक परत दोरीवर.

"यातली तुमची खूण कोणती?" मी त्याला विचारलं.

"माझी नाहीच."

"म्हणजे वाचलं नाही अजून?"

"वाचलंय की."

"वाचलंय आणि खूण नाही? मग तेच पुस्तक पुन्हा नेलंत तर?"

"नेईन," तो म्हणाला. "यायला तेवढंच निमित्त."

वारा एवढा गार… आणि माझे कान मात्र तापले.

त्याचं नाव खिनेस. चाकूच्या कारखान्यात बैलाच्या शिंगांच्या मुठी घासायचा. नखांत कायम पांढरी भुकटी. दर गुरुवारी यायचा, मेबल क्रॉस्टनची पुस्तकं उघडून खुणा मोजायचा आणि एखादं घेऊन जायचा. मी चिडवायची, की कारखान्यात कळलं तर लोक तुम्हाला नवरीची जाळीची ओढणी भेट देतील. तो म्हणायचा, घरी एक जण आकडा ऐकायला बसलेलं असतं. बायको का, म्हणून मी विचारलं, अगदी सहज, वह्या आवरता आवरता.

"छे. बायको परवडली असती."

ख्रिसमसपर्यंत आम्ही 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो. कसे आलो, कोणी आधी म्हटलं, ते विचारू नका… मला आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी त्याने माझ्या हातातून दोरीचा चिमटा घेतला आणि परत द्यायला फार वेळ लावला.

मेबल क्रॉस्टन माझं दैवत होती. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर तिचं चित्र असे: सोनेरी केस, कुशीत कुत्रा, मागे समुद्र. ते कापून मी आरशाच्या चौकटीत खोचलं होतं आणि केसही तसेच वळवत असे. एखाद्या बाईला माणसाच्या मनातलं इतकं कसं कळतं, याचं मला नवल वाटे. खिनेसला हे सांगितलं की तो खोकायचा आणि शेंगदाणे मागायचा.

शनिवारी येत ते बेन्तुरा गुरुजी. उंच, वाळकुडे, भुवया रागावलेल्या. यादवी युद्धात हरलेल्या बाजूचे म्हणून त्यांची शाळा काढून घेतलेली. आता घरीच चार मुलांना शिकवत. ते कार्बन पेपर न्यायला येत, आणि आले की आमच्या पाटीवरचं शुद्धलेखन स्वतःच्या खडूने सुधारत. माझ्या हातातलं पुस्तक बघून एकदा म्हणाले, "पोरी, डोळे देवाने दिलेत. ते या चिखलात घालून कशाला बसतेस?" मला इतका राग आला, की त्यांना मी मुद्दाम सुरकुतलेला कार्बन दिला.

जानेवारीत एका गुरुवारी मी खिनेसला ते सांगितलं, जे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. दिमास जर्मनीला कारखान्यात कामाला गेला. दोन पत्रं आली, मग बंद. शेजारणी चौकशी करत, आणि मग आत्या माझ्याकडे ज्या नजरेने बघे, ती मला सोसत नसे. म्हणून मीच डाव्या हाताने स्वतःला पत्रं लिहू लागले. आठवड्याला एक. आत्यासमोर फोडायची, वाचताना लाजायचीसुद्धा. चार महिने हे चाललं. मग जाहीर केलं, की मीच लग्न मोडलं.

खिनेस हसला नाही. गोल मेजाखाली ठेवलेल्या शेगडीच्या निखाऱ्यांवर आमचे पाय शेकत होते. त्याने एक भाजलेलं चेस्टनट सोललं, फुंकर घातली आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"तुझा डावा हात फार प्रेमळ असला पाहिजे," तो म्हणाला.

त्या रात्री मी मेबल क्रॉस्टन वाचली नाही. गरजच वाटली नाही.

एप्रिलच्या शेवटी बार्सेलोनाहून पार्सल आलं. मेबल क्रॉस्टनची नवी कथा, सहा प्रती. एक आत्याने सकाळीच उचलली. दुसरी मी उभ्या उभ्या उघडली. इंग्लंडातलं एक बंदर, दीपगृहाच्या रखवालदाराची भाची. एकतिसाव्या पानावर ती भाची टेबलाशी बसते, लेखणी डाव्या हातात घेते आणि स्वतःलाच पत्र लिहू लागते…

मी स्टुलावर बसले आणि पान उलटलं. तिथे तो नायक तिला सांगत होता: "तुझा डावा हात फार प्रेमळ असला पाहिजे."

शब्द न् शब्द. एक अक्षरसुद्धा हललं नव्हतं.

ओब्दुलिया काकू दारात येऊन नवी क्रॉस्टन आली का म्हणून विचारत होत्या. मी नाही म्हणाले आणि पाचही प्रती स्कर्टखाली घेऊन बसले. सहावी आत्याच्या हातात होती. घरी. आत्ता या क्षणी ती कितव्या पानावर असेल? परवापर्यंत अख्खं गाव वाचेल, मग अख्खा स्पेन…

दुपारी खिनेस आला. गुरुवार नसताना, धापा टाकत, कामाच्या कपड्यांत. म्हणाला, नव्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती मला दे.

मी त्याच्याकडे बघितलं. अकरा म्हणून हसणारा, स्वतःची खूण कधीच न करणारा माणूस. सगळं एका क्षणात जुळलं.

"तू," मी म्हणाले. "मेबल क्रॉस्टन तू आहेस."

त्याचा चेहरा नखांतल्या भुकटीसारखा पांढरा झाला. त्याने तोंड उघडलं, मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं.

"नाही म्हण," मी म्हणाले. "खोटं का होईना, पण नाही म्हण."

"लाली… मला बोलता येत नाही."

"लिहिता मात्र छान येतं."

तो गेला. मी आरशातलं ते चित्र काढून निखाऱ्यांत टाकणार होते, पण मन झालं नाही. ते उलटं करून ठेवलं.

रात्री जेवताना आत्याने पुस्तक सूपाच्या वाडग्याला टेकवून ठेवलं होतं. मी चमचा धरून तिच्या पानांचा आवाज मोजत होते. एकदा तिने फक्त नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, तर दारात बेन्तुरा गुरुजी. शनिवार नव्हता. मी कार्बनची पेटी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली, टोपी काढली आणि ग्राहकाच्या खुर्चीवर बसले, मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलेल्या मुलासारखे.

"खिनेस माझा मुलगा," ते म्हणाले. "त्याला दोन ओळींचं पत्र धड लिहिता येत नाही. किती शिकवलं… जाऊ दे. ती बाई तो नाही."

"मग कोण?"

त्यांनी कार्बनने निळी झालेली बोटं मेजावर ठेवली.

मी त्या बोटांकडे बघत राहिले. मग भुवयांकडे. मग पुन्हा बोटांकडे. आठ वर्षं मी ज्या बाईसारखे केस वळवत होते, ती माझ्यासमोर बसली होती आणि तिला मिशा होत्या.

"पण ते चित्र…"

"साबणाच्या जाहिरातीतलं. प्रकाशकाने लावलं."

"आणि तुम्हीच मला म्हणालात, चिखल."

"मग काय स्तुती करू? स्वतःच्या तोंडाने?"

त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांच्या नावाने छापायला कोणी धजत नसे. कळलं तर हेही बंद, कदाचित त्याहून वाईट. कोण वाचतं, हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून खिनेस खुणा मोजून आणी. पुढे खुणांऐवजी घरी दुसरंच ऐकू यायला लागलं: लाली असं म्हणाली, लाली तशी हसली. ही कोण, म्हणून ते स्वतः बघायला आले. मग कार्बन पेपर खूपच लागू लागला.

"ते पत्रांचं त्याने मला रडवेला होऊन सांगितलं होतं, छापायला नव्हे. मी टाईप केलं, पाकीट बंद केलं, त्यानेच पोस्टात टाकलं. आत काय आहे, ते त्याला काल घरी आलेली प्रत उघडल्यावर कळलं. चूक माझी आहे. वर्गात मी मुलांना सांगायचो, दुसऱ्याच्या वहीतलं विचारल्याशिवाय घेऊ नये." ते थांबले. "तुझं गुपित मी चव्हाट्यावर आणलं. आता माझं तुझ्या हातात दिलंय. काय करायचं ते कर."

ते उठले, दाराशी वळले.

"शेवट वाचलास?"

"नाही. बत्तिसाव्या पानापुढे गेलेच नाही."

"शेवट न वाचता पुस्तकावर रागावतेस? माझ्या वर्गात बाकावर उभी केली असती."

ते गेल्यावर मी शेवट वाचला. ती भाची पत्रपेटी उघडते, तर तिच्या नावाचं पत्र. आणि ते तिने लिहिलेलं नसतं. अक्षर वेडंवाकडं, चुका ढीगभर. पण खरं. शेवटच्या पानावर ती हो म्हणते. माझ्याच आवाजात, मला न विचारता, पुस्तकातली मी होकार देऊन बसले होते… आणि मला त्यातला एक शब्दही बदलावासा वाटेना.

तेवढ्यात आत्या आली. तिने आपली प्रत माझ्यासमोर ठेवली. चाळीसाव्या पानावर तीन टिंबं.

"चांगलंय," ती म्हणाली. "फक्त एक पटलं नाही. त्या पोरीच्या मामीला चार महिने काहीच कसं कळत नाही?"

माझ्या हातातून पेन्सिल पडली.

"बाकी," आत्या निखारे उकरत म्हणाली, "पुढच्या वेळी जर्मनीहून पत्र पाठवशील, तेव्हा तिकीट जर्मनीचं लाव. आपल्या कोपऱ्यावरच्या पोस्टाचा शिक्का मला ओळखू येतो."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू वाचताना किती छान लाजायचीस. मोडवेना." तिने पाठीवरच्या चित्राकडे बघितलं. "पण या इंग्रज बाईला आपल्या घरातलं कसं कळलं गं?"

मी पडलेली पेन्सिल उचलली.

"जगात अशा वेड्या मुली पुष्कळ असतील आत्या," मी म्हणाले, आणि पाचही प्रती दोरीवर टांगल्या. ओब्दुलिया काकूंनी पहिली नेली.

दुपारच्या सुट्टीत खिनेस रस्त्यापलीकडे उभा दिसला. बराच वेळ. शेवटी वाऱ्यानेच त्याला ढकललं असावं. आत येऊन तो काहीतरी पाठ केलेलं म्हणू लागला आणि मधेच विसरला.

"बाबांनी लिहून दिलं होतं," तो म्हणाला. "मी फाडलं. आता… काही आठवत नाही."

"नको आठवूस. वाचलंस हे पुस्तक?"

"रात्रभर. दोनदा."

"मग खूण कर."

मी दोरीवरची माझी प्रत काढली आणि चाळीसाव्या पानावर उघडून पेन्सिल त्याच्या हातात दिली. कडेला माझी चेरी होती, सकाळीच काढलेली. तो वाकला. त्याने चेरीच्या देठावरूनच दुसरा देठ काढला आणि त्याला एक फळ लटकवलं. जरा चपटं आलं.

"चालेल?" त्याने विचारलं.

मी डाव्या हाताने त्याचा हात धरला.

त्यानंतर आमच्या दुकानातल्या कुठल्याही नव्या पुस्तकात चाळीसाव्या पानावर एकटी चेरी कोणाला दिसली नाही. गुरुजी मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, दुसरी फार चपटी आहे, सुधारायला हवी.